रॅम्पचे सहा ठोकळे

रॅम्पच्या कामाची गुणवत्ता तपासायला आमच्या इमारतीच्या समितीने माझी नेमणूक केली, ती माझी लायकी बघून नव्हे. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "काकांना द्या. त्यांना जरा गुंतवून ठेवायला हवं." मी त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. माझी बायको जाऊन तेव्हा चार महिने झाले होते आणि तेव्हापासून लोक माझ्यासमोर माझ्याविषयी असे बोलायचे, जसा काही मी बाहेरगावी गेलो आहे.

रॅम्पचा इतिहास मला सांगावा लागेल, कारण समितीच्या ठरावात तो चुकीचा लिहिला आहे. ठराव म्हणतो, रॅम्प हिच्या स्मरणार्थ. वस्तुस्थिती अशी की आमच्या इमारतीत रस्त्यापासून लिफ्टपर्यंत यायला पाच पायऱ्या आहेत. ही शेवटचे आठ महिने चाकाच्या खुर्चीत होती. डॉक्टरकडे जायचं म्हटलं की चार जणांनी खुर्ची उचलून पाच पायऱ्या उतरवायची. तिला त्याचा भयंकर राग येई. एकदा खुर्ची अधांतरी असताना तिने पुढचं डावं चाक धरलेल्या अध्यक्षांना विचारलं, "रॅम्प कधी करताय?" अध्यक्ष धापा टाकत म्हणाले, "पुढच्या बैठकीत घेतो, काकू." अशा सात पुढच्या बैठका झाल्या. मग ती गेली. तिच्यानंतर तीन महिन्यांनी अध्यक्षांच्या आई बाथरूममध्ये घसरून पडल्या आणि चाकाच्या खुर्चीत आल्या. रॅम्प एका आठवड्यात मंजूर झाला. स्मरणार्थ.

रॅम्पच्या तोंडाशी हिच्या नावाची ग्रॅनाइटची पाटी बसवायचीही ठरली. मी म्हटलं, पाटी नको. अध्यक्ष म्हणाले, "काका, ऑर्डर दिलीये. अक्षरं कोरून झाली." आता कोरलेल्या अक्षरांपुढे माणूस काय बोलणार? पण मी तेव्हाच मनाशी ठरवलं, तिचं नाव लागणारच असेल तर त्याच्याखालचं काँक्रीट पक्कं असलं पाहिजे. ही फार कडक होती. शिंप्याला तीन वेळा माघारी पाठवायची आणि चौथ्या वेळी म्हणायची, "आता चालेल." छान वगैरे नाही. चालेल. चाळीस वर्षांत मला स्वतःला तो शब्द फार तर दहा वेळा मिळाला असेल.

मी कंत्राटदाराकडून करारनामा मागून घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. माझी सगळी नोकरी विमा कार्यालयात आवक-जावक बघण्यात गेली, त्यामुळे बारीक अक्षरांचं मला भय नाही. नवव्या पानावर एक ओळ होती: 'काँक्रीटचे सहा ठोकळे घेऊन त्यांची प्रयोगशाळेत चाचणी करावी.' मी कंत्राटदाराला ती ओळ दाखवली. तो जुन्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखा तिच्याकडे बघत राहिला.

"ही असते हो काका," तो म्हणाला. "सगळ्याच करारात असते."

"मग ठोकळे घेता का?"

"तेवढं कोणी वाचत नाही."

मी म्हटलं, मी वाचलं आहे.

पद्धत साधी आहे. रॅम्पमध्ये जो माल ओततात, त्याच मालातून थोडा काढून लोखंडी साच्यात भरायचा. तीन थर, प्रत्येक थराला सळईने पस्तीस टोचे. दुसऱ्या दिवशी साचा सोडवायचा आणि ठोकळा पाण्यात बुडवून ठेवायचा. तीन ठोकळे सातव्या दिवशी आणि उरलेले तीन अठ्ठाविसाव्या दिवशी यंत्राखाली दाबून फोडायचे. किती जोराला फुटला, तेवढी त्या काँक्रीटची ताकद. आमच्या रॅम्पला शेवटी किमान वीस यायला हवे होते. वीस कशाचे, ते एकक मला पाठ आहे, पण ते अर्धी ओळ खातं.

काँक्रीट ओतायच्या दिवशी मी सकाळी सातला पायऱ्यांपाशी हजर. मिस्त्री चांगला माणूस, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने माझ्याकडे बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"काका, कानावर आलं," तो म्हणाला. "फार वाईट झालं."

मी मान हलवली.

"तुम्ही उन्हात कशाला? तिकडे सावलीत बसा. ठोकळे मी भरून देतो."

"टोचे पस्तीस हवेत."

"चाळीस देतो," मिस्त्री म्हणाला.

त्याने माझ्यासाठी खुर्ची मागवली, चहा मागवला, खुर्चीखाली डुगडुगू नये म्हणून विटेचा तुकडा सरकवला. मी बसलो. इथे मी बसायला नको होतं. पण सात वाजल्यापासून उभ्या असलेल्या सदुसष्ट वर्षांच्या माणसासमोर कोणी खुर्ची ठेवली, तर तिच्या हेतूची चौकशी कोण करतं?

दुसऱ्या दिवशी सहा ठोकळे तयार झाले. गुळगुळीत, कडा धारदार, माझ्या हातची तारीख प्रत्येकावर. ते ठेवायला कंत्राटदाराने एक पिंप दाखवलं. त्यात कोणीतरी थापी धूत होतं. मी सहाही ठोकळे घरी नेले. एकेक ठोकळा आठ किलोचा. लिफ्टने दोन खेपा केल्या आणि आमच्या बाथरूममध्ये, ही कपडे भिजवायची त्या मोठ्या टबात, सहाही बुडवून ठेवले.

इमारतीत बातमी पसरायला दुपारही लागली नाही. समोरच्या दारात जे गृहस्थ राहतात, त्यांना आम्ही 'अनुभवी' म्हणतो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव आहे' पासून सुरू होतं. ते ठोकळे बघायला आले.

"माझा अनुभव आहे," ते म्हणाले, "पाणी रोज बदला."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, पाणी अजिबात बदलू नका, ताकद निघून जाते. त्यांच्या यजमानांनी कोमट पाण्याची शिफारस केली. एकाने विचारलं, ठोकळे उलटे-पालटे करायला नकोत का, म्हणजे सगळीकडून सारखे होतील. मी सगळ्यांना चहा दिला. घाईत साखरेऐवजी मीठ पडलं होतं, ते मला माझा कप तोंडाला लावल्यावर कळलं. तोपर्यंत अनुभवींनी त्यांचा कप संपवला होता.

"छान झालाय हो," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सांगा, मिठाचा चहा पिऊन माणूस असं का बोलतो? मी चार महिने हेच सोसत होतो. एकदा मी एका पायात काळी आणि एका पायात तपकिरी चप्पल घालून बँकेत गेलो, तासभर रांगेत उभा राहिलो, तिघा ओळखीच्यांशी बोललो. तिघांनीही माझ्या पायांकडे बघितलं आणि तिघेही म्हणाले, "काळजी घ्या."

पाचव्या दिवशी माझी धाकटी बहीण दोन दिवस राहायला आली. आल्या आल्या हातपाय धुवायला बाथरूममध्ये गेली आणि तिथूनच हाक मारली, "दादा, हे काय आहे?"

"ठोकळे. त्यांना हात लावू नकोस."

"टबात का ठेवलेस?"

"त्यांना कोरडं पडू द्यायचं नाही. परवा तिघांना घेऊन जाणार आहे. बाकीचे तिघं अजून तीन आठवडे राहतील."

ती बाहेर आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि गॅलरीत जाऊन फोन लावला. मला ऐकू आलं ते एवढंच: "तू ये. नाही, तसा बरा आहे. पण दगडांना आंघोळ घालतोय." पाच मिनिटांत माझ्या मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही माझ्याकडे येऊन राहता का थोडे दिवस?" मी तिला काँक्रीटमध्ये पाण्याचं काम काय असतं ते समजावलं. ती सगळं शांतपणे ऐकून म्हणाली, "हो बाबा, बरोबर आहे बाबा." या मुलीने लहानपणापासून माझं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

सातव्या दिवशी मी तीन ठोकळे दोन पिशव्यांत घालून रिक्षाने प्रयोगशाळेत नेले. खिडकीतल्या कारकुनाने नमुने घ्यायला नकार दिला. अर्ज समितीच्या कागदावर हवा. मी घरी येऊन कागद घेऊन गेलो. त्यावर शिक्का हवा. शिक्का चिटणीसांच्या कपाटात आणि चिटणीस मेहुणीकडे. मी मेहुणीकडे गेलो. तिसऱ्या खेपेला शिक्का होता, पण ठोकळ्यांवरची तारीख आणि अर्जावरची तारीख यात रेघ वेगळी होती, एकीकडे तिरपी आणि दुसरीकडे आडवी. मी कारकुनाला सांगितलं की मी स्वतः आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे आणि अशी हरकत मलासुद्धा कधी सुचली नव्हती. त्याने ती स्तुती समजून फॉर्म पुढे सरकवला.

मी भराभर भरला. गेल्या चार महिन्यांत मी इतके फॉर्म भरले होते की हात आपोआप चालायचा. बँक, पेन्शन, गॅस, टेलिफोन. कारकुनाने फॉर्म वाचला, चष्मा वर केला.

"काका, इथे 'कामाशी नाते' विचारलंय."

"मग?"

"तुम्ही 'पती' लिहिलंय."

मागे दोन कंत्राटदार रांगेत होते. त्यातला एक खोकला. मी पेन घेतलं, 'पती' खोडलं आणि त्यापुढे 'देखरेख' लिहिलं. कारकुनाने खोडलेल्या जागी सही करायला लावली. ते नियमात आहे. 

सात दिवसांचे आकडे चांगले आले. अठ्ठाविसाव्या दिवशी मी उरलेले तीन नेले आणि संध्याकाळी अहवाल हातात पडला. सरासरी अडतीस. मी दोनदा वाचला. वीस हवे होते, अडतीस आले. मी तो कागद हातात धरून इमारतीत शिरलो, तर अनुभवी पायरीवर भेटले.

"काय, निकाल?"

"अडतीस."

"पास?"

"चांगलाच."

"अभिनंदन," ते म्हणाले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "मला खात्री होती, तुम्ही पास होणार." रात्रीपर्यंत अकरा जणांनी माझं अभिनंदन केलं. अध्यक्षांनी अहवाल नोटीस बोर्डावर लावला. चार दिवसांनी पाटी बसली आणि रॅम्पपुढची दोरी निघाली. हिचं नाव, खाली दोन तारखा. मी रोज येता-जाता नावावरची धूळ रुमालाने पुसायचो.

पाटी बसल्याच्या पाचव्या दिवशी गॅसवाल्याने सिलिंडर रॅम्पवरून घरंगळत आणला आणि रॅम्पचा कोपरा पडला. तडा गेला नाही, तुकडा निघाला नाही. कोपरा सरळ ढासळला, ओल्या वाळूचा किल्ला ढासळावा तसा. मी खाली वाकून किल्लीने पृष्ठभाग खरवडला. भुकटी निघाली. आणखी खरवडलं, आणखी भुकटी. मी वर जाऊन स्वयंपाकघरातला जुना चमचा आणला आणि पाच मिनिटांत वाटीभर रॅम्प काढला.

ती वाटी घेऊन मी अध्यक्षांच्या घरी गेलो.

"हा रॅम्प," मी म्हटलं, आणि वाटी टेबलावर ठेवली.

अध्यक्षांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बसायला सांगितलं. "काका, अडतीस आलेत ना?"

"आलेत."

"वीस हवे होते ना?"

"हवे होते."

"मग जवळजवळ दुप्पट आहे. तुम्हीच आणलात अहवाल. शिक्क्याचा." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पाटी बसली की मन हलतं. होतं असं. थोडे दिवस रॅम्पकडे बघू नका."

माझाच कागद माझ्याच तोंडावर. मी प्रयोगशाळेत धावलो. रॅम्पला भोक पाडून आतलं काँक्रीट तपासता येतं, असं मी वाचलं होतं. कारकून म्हणाला, येतं, पण त्यासाठी आधीची चाचणी नापास झाल्याचा अहवाल जोडावा लागतो. मी म्हटलं, ती पास झाली आहे, तीच तर अडचण आहे. तो म्हणाला, पास झाल्याची अडचण नोंदवायला त्यांच्याकडे रकाना नाही.

शेवटी मी मिस्त्रीला शोधून काढलं. दोन गल्ल्यांपलीकडे एका कंपाउंडच्या भिंतीवर तो काम करत होता. मी त्याच्यासमोर वाटी धरली. त्याने चिमटीत भुकटी घेतली, बोटांत चोळली.

"पाणी जास्त," तो म्हणाला. "कंत्राटदाराला उतारावर माल लवकर पसरायला हवा होता. सिमेंटही हात राखून."

"आणि ठोकळ्यांत?"

त्याने बोटं पँटला पुसली.

"ठोकळ्यांत अडतीस कसे आले?"

"काका, तुमचा माल वेगळा केला होता," मिस्त्री म्हणाला. "एक घमेलं. मी स्वतः मळला. सिमेंट दुप्पट, खडी धुऊन घेतली. टोचे चाळीस दिले, तुम्हाला बोललो होतो तसे."

"का?"

"तुमच्यावर एवढा प्रसंग आलेला. त्यात ठोकळेही नापास झाले असते तर?" तो थापीकडे बघत होता. "म्हटलं, माणसाला काहीतरी चांगलं लागावं हाताला."

मी आयुष्यात माणसांवर ओरडलो असेन, पण इतक्या भल्या माणसावर ओरडायची वेळ आली नव्हती. मी म्हटलं, "अरे बाबा, परीक्षा माझी नव्हती, रॅम्पची होती. तू मला पास केलंस आणि तिचं नाव भुकटीवर बसवलंस. ही असती ना, तर तुला त्या घमेल्यासकट घरी पाठवलं असतं. आणि त्या खुर्चीत बसल्याबद्दल मलाही."

मिस्त्रीने थापी धुतली, पुसली, पिशवीत ठेवली. "चला," तो म्हणाला.

"कुठे?"

"जिथं सांगायला हवं तिथं."

संध्याकाळी रॅम्पपाशी समिती जमली. अध्यक्ष, चिटणीस, कंत्राटदार, अनुभवी, ज्यांना काही काम नव्हतं असे सगळे, आणि वाटी-चमच्यासकट मी. अध्यक्षांच्या आईला खुर्चीतून हवा खायला लिफ्टपाशी आणून ठेवलं होतं. मिस्त्रीने चार वाक्यांत सगळं सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, हा माणूस खोटं बोलतोय. मिस्त्री म्हणाला, खोटं तेव्हा केलं, आता बोलत नाही. अध्यक्षांनी अहवाल उंच धरला आणि म्हणाले, शिक्का मोठा की मिस्त्री? अनुभवींचा अनुभव होता की काँक्रीट जुनं झालं की घट्ट होतं. कोणीतरी मागे पुटपुटलं, "काकांसाठी वाईट वाटतं."

मी म्हटलं, "माझ्यासाठी वाईट वाटून घेणाऱ्यांनी जरा बाजूला उभं राहा. रॅम्प दिसत नाही."

"तो चमचा इकडे द्या," अध्यक्षांच्या आई म्हणाल्या.

ब्याऐंशी वर्षांच्या बाई. त्यांनी खुर्ची रॅम्पच्या वरच्या कडेपर्यंत ढकलून घेतली, वाकल्या आणि चमचा घातला. पहिल्याच घासात चमचा भरला. त्यांनी तो मुलासमोर धरला.

"यावरून मला उतरवणार होतास?"

"आई, अहवालात अडतीस—"

"अहवालावरून उतरव मग मला. अंथर तो."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण अध्यक्ष समोर होते. त्यांनी अहवालाची घडी घातली आणि कंत्राटदाराला म्हणाले, "उद्या तोडायला घ्या."

तोडायला फार वेळ लागला नाही. असल्या रॅम्पला लागतही नाही. पाटी मिस्त्रीने आधी स्वतःच्या हाताने सोडवली आणि मी ती घरी नेली. नवा माल पडला त्या दिवशी मी खुर्चीत बसलो नाही. प्रत्येक घमेल्यात डोकावलो. ठोकळ्यांचा माल रॅम्पवर पडणाऱ्या घमेल्यातून माझ्यादेखत घेतला आणि टोचे मी मोठ्याने मोजले. चौतिसाव्याला मिस्त्री थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक राहिला.

अठ्ठावीस दिवसांनी अहवाल आला. एकवीस पूर्णांक चार.

"काठावर," कारकून म्हणाला.

मी म्हटलं, हो. तो आकडा मी घरी येईपर्यंत रिक्षात तीनदा काढून बघितला. एकवीस पूर्णांक चार. मला बघून कोणी तो वाढवलेला नव्हता.

इमारतीत मात्र शोककळा पसरली. अनुभवींनी कागद वाचून माझ्याकडे फार हळुवारपणे बघितलं. "गेल्या वेळी अडतीस होते ना?"

"होते."

"वयोमानाने कमी होतात," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका." अध्यक्षांनी नवा अहवाल बोर्डावर लावायला नकार दिला. इमारतीची पत कमी होते म्हणाले. अडतीसचा अजून तिथेच आहे. मी त्यांना लेखी तक्रार दिली, शिक्क्यासकट. उत्तर आलेलं नाही. ज्या रॅम्पचा तो अहवाल, तो रॅम्प ट्रॅक्टरमध्ये भरून कधीच गेला, आणि बोर्डावर मात्र तो उत्तम दर्जाने उत्तीर्ण आहे. या गोष्टीचा राग यावा की नाही, सांगा.

पाटी मिस्त्रीने परत बसवली. त्या सकाळी अध्यक्षांच्या आई पहिल्यांदा रॅम्पवरून उतरल्या. मी खाली उभा होतो. खुर्ची सावकाश आली, मध्ये कुठे अडली नाही, खालच्या टोकाशी थांबली. बाईंनी हाताने बाजूची कड दाबून बघितली. मग माझ्याकडे वळल्या आणि बराच वेळ माझा चेहरा न्याहाळत राहिल्या. आता काळजी घ्या म्हणणार, म्हणून मी मान हलवायच्या तयारीत उभा राहिलो.

"डाव्या गालावरची दाढी राहिलीये तुमची," त्या म्हणाल्या. "परवाही राहिली होती. दिवा बदला तिथला."

मी हात लावून बघितलं. खरंच राहिली होती. किती दिवस मी तसा हिंडत होतो कोणास ठाऊक. प्रयोगशाळा, बँक, बैठका. मी लिफ्टने वर गेलो, आरसा उचलून खिडकीपाशी नेला आणि गालाला साबण लावला.